गणितातले नांगे वेळेवर भरा



हरभऱ्याचे घाटे भरू लागले आहेत. एरवी या सुमारास या पानावर घाटेअळी, कामगंध सापळे आणि पाण्याची शेवटची पाळी यांविषयी लिहायचे असते. ते पुढच्या आठवड्यात लिहीन. आज घरातल्या एका वेगळ्याच पिकाविषयी लिहितो आहे.

दहावीनंतर तंत्रनिकेतनात, म्हणजे आपण ज्याला पॉलिटेक्निक म्हणतो तेथे, डिप्लोमाला गेलेल्या मुलामुलींचे हिवाळी परीक्षेचे निकाल याच दिवसांत घरोघरी कळतात. पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेत बाकीचे विषय बरे आणि गणितापुढे नापासाचा शेरा, असे अनेक घरांत होते. मग रात्री जेवताना कोणी बोलत नाही. पोरगा मान खाली घालून भाकरी मोडतो. आई ताटात भाजी वाढते, पण विचारत काही नाही. दोन दिवसांनी बाप मला वाटेत गाठतो आणि म्हणतो, "साहेब, गणित काही सुटंना झालंय. काढून घेऊ का पोराला?"

मी शेतीचा पदवीधर आहे, गणिताचा मास्तर नव्हे. पण खेड्यात गाडीवरून जो शिकलेला माणूस उतरतो, त्याला बोंडअळीपासून जावयाच्या नोकरीपर्यंत सारे विचारले जाते. तेव्हा उत्तर देणे भाग असते. हे उत्तर मी एकदा फार चुकीचे दिले आहे. आधी तेच सांगतो.

2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. आम्ही पंचनाम्यांसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत होतो. एका शेतकऱ्याने मला रस्त्यातच थांबवले. त्यांची मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाला होती आणि गणित दोनदा राहिले होते. मी मोटारसायकलवरून खालीसुद्धा उतरलो नाही. म्हणालो, "जमत नसेल तर ओढाताण कशाला करता? काढून घ्या." त्यांनी काढून घेतले. त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. दोन-तीन वर्षांनी ती माहेरी आली असताना बाजारात भेटली. कडेवर मूल होते. हसतच म्हणाली, "काका, मला नुसतं ते लॉगरिदम कळत नव्हतं. बाकी सगळं येत होतं."

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. एखादा शेतकरी पीक पिवळे पडले म्हणून सांगत आला, तर मी आधी शेतात उतरतो, रोप उपटून मुळे पाहतो, मग बोलतो. त्या दिवशी मी शेतात न उतरता उभे पीक मोडायला सांगितले होते. तेव्हापासून गणितात नापास झालेल्या मुलाविषयी कोणी विचारले की मी खाली उतरतो, मुलाला वही घेऊन बोलावतो आणि आधी मुळे पाहतो.

मुळे कुठे कुजली आहेत?

दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्यासमोर बसला. मेकॅनिकलचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. दहावीला चांगले गुण, हात कामाला चलाख. घरची पाण्याची मोटर तो स्वतः खोलून दुरुस्त करी. गणितात मात्र नापास. वडिलांचे मत होते की मोबाइलमुळे असे झाले. मुलाचे मत होते की, "माझं डोकंच नाही गणिताचं."

त्याची उत्तरपत्रिकेच्या सरावाची वही मी उघडली. एक भागिले क्ष वजा एक, अधिक एक भागिले क्ष अधिक दोन, अशी बेरीज होती. त्याने वरचे दोन एक मिळवून 2 लिहिले होते, खालचे दोन छेद मिळवून 2क्ष अधिक 1 लिहिले होते, आणि उत्तर म्हणून 2 भागिले 2क्ष अधिक 1 असे ठोकले होते. मी वही मिटली आणि विचारले, "अर्धा एकर सोयाबीन आणि पाव एकर तूर. मिळून किती?"

"पाऊण एकर," तो विचार न करता म्हणाला.

"आता हेच कागदावर लिही. एक छेद दोन अधिक एक छेद चार."

त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवले. उत्तर आले 2 छेद 6. म्हणजे एक तृतीयांश एकर. मी म्हणालो, "अरे, अर्ध्या एकरात पाव एकर मिळवली आणि जमीन अर्ध्याहूनही कमी झाली? ही कोणत्या तलाठ्याची मोजणी?" तो कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, अपूर्णांकांच्या बेरजेला मी सहावीपासूनच टाळतो. फळ्यावरचं उतरवून घ्यायचो. परीक्षेला तसली गणितं सोडून बाकीची सोडवायचो."

दुसरे दुखणेही असेच निघाले. वजा आठ, वजा पाच यांचे उत्तर त्याने अधिक तेरा लिहिले होते. कारण काय, तर "वजा वजा अधिक." हा नियम गुणाकाराचा. तो त्याने बेरजेला लावला होता. मी विचारले, "आठ हजार उसने घेतले, वर आणखी पाच हजार उसने घेतले. आता तुझ्याजवळ तेरा हजार आले, की तेरा हजार देणे झाले?" तो हसला. त्या दिवसापासून ती चूक बंद झाली.

सांगण्याचा मुद्दा असा की, या मुलाचे डिप्लोमाचे गणित कच्चे नव्हतेच. कच्ची होती सहावी-सातवीतली दोन पानांएवढी गोष्ट. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी लॉगरिदम येते, मॅट्रिक्स येतात, आंशिक अपूर्णांक, त्रिकोणमिती आणि सरळ रेषेची समीकरणे येतात. या साऱ्यांच्या तळाशी अपूर्णांक, घातांक, अधिक-वजा चिन्हे आणि साधी समीकरणे ही चार मुळे असतात. त्यांतले एखादे कुजलेले असेल तर वरून कितीही खत घातले तरी शेंडा पिवळाच राहणार.

सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतो, गुंडाळी करतो, आठवडाभर ओली ठेवतो आणि कोंब मोजतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे ठीक. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवतो किंवा बियाणे बदलतो. पेरून झाल्यावर उगवण मोजून उपयोग नसतो. डिप्लोमाला प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात या चार मुळांची वीस प्रश्नांची एक तपासणी झाली, तर कोणत्या मुलाला कशाची गरज आहे हे सप्टेंबरातच कळेल. आज ते बहुतेक घरांना कळते जानेवारी-फेब्रुवारीत, निकालाच्या दिवशी.

शब्दांची अडचण

दुसरी गोष्ट भाषेची. आपली मुले मराठी माध्यमातून दहावी होतात. त्यांच्या बीजगणिताच्या पुस्तकात निश्चयक असतात, क्रेमरची पद्धत असते. ती गणिते त्यांना येतात. डिप्लोमाच्या वर्गात सर फळ्यावर तीच चौकट काढतात आणि म्हणतात, डिटर्मिनंट. मुलाला वाटते काही नवेच आले. भूमितीत तो रेषेचा चढ शिकलेला असतो. येथे त्याचे नाव स्लोप. छेद झाला डिनॉमिनेटर, घातांक झाला इंडेक्स, कर्ण झाला हायपोटेन्यूज. मूल गणितात अडखळत नाही, नावात अडखळते. परंतु वर्गात साठ-सत्तर मुलांसमोर हात वर करून "सर, डिटर्मिनंट म्हणजे काय?" असे विचारायची त्याला लाज वाटते. इंग्रजी शाळेतून आलेली दोन मुले हसतील ही भीती असते.

यावर औषध फार स्वस्त आहे. चाळीस पानी वही घ्यावी. डाव्या बाजूला दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द, उजवीकडे डिप्लोमातला शब्द आणि त्याखाली एक सोडवलेले उदाहरण. दीड-दोनशे शब्दांत पहिले वर्ष निघते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. ते होईल तेव्हा होईल. वही मात्र आज रात्रीच घालता येते.

आणि त्या मुलीला जे लॉगरिदम कळत नव्हते, त्याचे काय? तेही आपल्या घरात आहे. तुमच्या माती परीक्षणाच्या पत्रिकेवर सामू लिहिलेला असतो. 7 म्हणजे उदासीन, 8 म्हणजे विम्लतेकडे झुकलेली जमीन. 7 आणि 8 यांत दिसायला एकाचाच फरक, पण प्रत्यक्षात आम्लतेचा अंश दहापटीने घटलेला असतो. 9 झाला तर शंभरपटीने. सामू हा लॉगरिदमचाच आकडा आहे. दहाचा कितवा घात, एवढाच लॉगरिदमचा प्रश्न असतो. 1000 हा दहाचा तिसरा घात, म्हणून त्याचे लॉगरिदम 3. 100 चे 2, 10 चे 1. ही गोष्ट मी त्या 2014 सालच्या दुपारी दहा मिनिटांत सांगू शकलो असतो. जमिनीचा सामू मी रोज वाचत होतो.

एकट्याने की मिळून?

आता दूरदेशीची एक हकीकत सांगतो, कारण ती आपल्या उपयोगाची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे 1970 च्या दशकात उरी ट्राइझमन नावाचे एक तरुण गणिती शिकवीत होते. तेथे पहिल्या वर्षाच्या कलनाच्या वर्गात कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने नापास होत, आणि चिनी वंशाची मुले चांगली पास होत. प्राध्यापकांना विचारले तर कोणी म्हणे जिद्द कमी, कोणी म्हणे घरची गरिबी, कोणी म्हणे आईबापांचे लक्ष नाही, कोणी म्हणे शाळेतला पाया कच्चा. आपल्याकडे आपण जे बोलतो तेच.

ट्राइझमन यांनी नुसते मत मांडले नाही. दोन्हीकडची 20-20 मुले निवडली आणि ती अभ्यास कसा करतात हे त्यांच्यामागे फिरून पाहिले. तेव्हा दिसले की लोकांची अनुमाने खरी नव्हती. कृष्णवर्णीय मुले मन लावून अभ्यास करीत होती, आठवड्याला आठेक तास. पण सारा एकट्याने, खोलीचे दार लावून. चिनी मुले एकेकट्याने अभ्यास करीतच, शिवाय संध्याकाळी एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, जुन्या परीक्षांतले प्रश्न सोडवत. त्यांचे तास भरत चौदाच्या आसपास. एखाद्याचे चुकले तर त्याच संध्याकाळी कळे. एकट्याने बसणाऱ्याचे चुकले तर परीक्षेत कळे, आणि तेव्हा तो समजे की आपले डोकेच नाही.

मग त्यांनी मुलांना लहान गटांत एकत्र बसवून कठीण उदाहरणे सोडवायला देण्याचा उपक्रम सुरू केला. तो 'कच्च्या मुलांची शिकवणी' म्हणून नव्हे, तर मानाचे काम म्हणून. त्यानंतर त्या मुलांतले नापासांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. 1992 साली त्यांनी ही सारी हकीकत लिहून प्रसिद्ध केली आणि ती गणित शिकवणाऱ्यांत आजही वाचली जाते.

मंडळी, हे आपल्याला नवे वाटायला नको. शेतीशाळा आपण पाहिली आहे. 1989 साली इंडोनेशियात भाताच्या किडींसाठी ती पहिल्यांदा भरली आणि पुढे आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या शेतांत आली. वीस-पंचवीस शेतकरी ठरल्या वारी एका शेतात जमतात, मित्रकिडी-शत्रुकिडी स्वतः मोजतात, कागदावर काढतात आणि फवारायचे की थांबायचे हे आपसात बोलून ठरवतात. साहेबाने भाषण केले असते तर जे लक्षात राहिले नसते, ते स्वतः मोजल्याने राहते. गणितालाही हीच रीत लागते. पाच-सहा मुले, एक फळा, ठरलेला वार. गणित ऐकून येत नाही, हाताने करून आणि दुसऱ्याला समजावून सांगून येते.

शेवटची एसटी

मेकॅनिकलच्या त्या मुलाच्या निमित्ताने मी त्याच्या तंत्रनिकेतनात गेलो. गणिताचे सर सज्जन होते. म्हणाले, "आम्ही जादा तास ठेवतो हो, पण मुलेच येत नाहीत." मी विचारले, किती वाजता? "पाचला, कॉलेज सुटल्यावर." मुलाच्या गावाकडची शेवटची एसटी पावणेपाचला होती. सरांना ते ठाऊक नव्हते, आणि मुलाने ते सांगितले नव्हते. जादा तासाला येत होती ती गावातच राहणारी मुले, म्हणजे ज्यांना त्याची गरज सर्वांत कमी. सरांनी तो तास मधल्या मोकळ्या वेळात आणला, मुलांचे पाच-पाचांचे गट केले आणि आठवड्यातला वार पक्का केला. हळूहळू बाकडी भरू लागली. मुले आळशी आहेत असे जे वाटत होते, ते वेळापत्रकाचे दुखणे होते.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने 2007 साली आपल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या महाविद्यालयांत असाच विचार करून एक योजना काढली. गरीब घरची, गणितात किंवा भाषेत कच्ची असलेली मुले तेथे मोठ्या संख्येने गळत होती. योजनेत एका सल्लागाराकडे 60 ते 80 च मुले दिली आणि त्या मुलांनी त्याला ठरल्याप्रमाणे भेटलेच पाहिजे असे ठरवले. शिकवणी दिली, शुल्काची तूट भरली, पुस्तके दिली, आणि शहरातल्या बस-रेल्वेचा पासही फुकट दिला. पुढे 896 विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून तपासणी केली, आपण प्रयोगाच्या वाफ्यांत करतो तशीच. तीन वर्षांत योजनेतले 40 टक्के पदवी घेऊन बाहेर पडले, योजनेबाहेरचे 22 टक्के. मुले तीच, डोकी तीच. फरक पाठीशी कोणीतरी ठरलेल्या दिवशी उभे राहण्याचा होता.

आपल्याकडेही बऱ्याच तंत्रनिकेतनांत वीसेक मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक कागदावर नेमलेला असतो. तो कोण, हे पालकांना माहीत नसते. माहीत करून घ्यावे.

दुबार पेरणी नको, नांगे भरा

अमेरिकेतच आणखी एक धडा मिळाला. कच्च्या मुलांना आधी वर्षभर वेगळ्या वर्गात बसवायचे, शाळेतले गणित पुन्हा शिकवायचे आणि मग मूळ वर्गात घ्यायचे, अशी तेथे पुष्कळ वर्षे पद्धत होती. ऐकायला ती शहाणपणाची वाटते. प्रत्यक्षात बहुतेक मुले मूळ वर्गापर्यंत पोचतच नव्हती, वाटेतच शिक्षण सोडत. टेनेसी राज्याच्या महाविद्यालयांनी 2015 पासून अशा मुलांना सरळ मूळ वर्गात बसवले आणि जोडीला त्याच आठवड्यात लागणारा पाया शिकवणारा आधाराचा तास दिला. वर्षभरात मूळ गणित पार करणाऱ्यांचे प्रमाण कित्येक पट वाढले.

शेतकऱ्याला हे लगेच पटावे. कपाशीच्या ओळीत चार ठिकाणी उगवले नाही म्हणून कोणी सारे शेत मोडून दुबार पेरणी करीत नाही. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत नांगे भरतो, आणि तेही मूळ पिकाच्या बरोबरीने वाढते. महिनाभराने नांगे भरले तर ती रोपे शेजारच्या झाडांच्या सावलीत खुरटतात. म्हणून वर्षभर घरी बसवून "आधी गणित पक्के कर, मग पुढे जा" असे मुलाला सांगू नका. चालू वर्गात ठेवा आणि नांगे भरा. मात्र लवकर भरा. एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येते म्हणून विषय मागे ठेवत गेले, तर तिसऱ्या वर्षाच्या दारात तोच विषय आडवा येतो.

घरच्यांनी काय करावे?

आपण स्वतः शिकलेले नसलो तरी पुढील गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

1. निकाल लागल्यावर "किती पडले?" यापेक्षा "कुठे अडले?" असे विचारावे. मुलाने "सगळंच अडतं" म्हटले, तर वही घेऊन गणिताच्या सरांकडे किंवा गावातल्या शाळेच्या गुरुजींकडे पाठवावे. अपूर्णांक, घातांक, चिन्हे आणि साधी समीकरणे एवढेच तपासायला सांगावे.

2. गुणपत्रिका घेऊन एकदा स्वतः तंत्रनिकेतनात जावे. मार्गदर्शक शिक्षकाचे नाव आणि फोन नंबर लिहून आणावा. जादा तास कधी असतो आणि आपली गाडी कधी सुटते, हे दोन्ही एकाच कागदावर लिहून सरांना दाखवावे. सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे?

3. काढणीच्या दिवसांत मुलाला घरी ठेवू नये. पहिल्या सत्राचा जोर आणि सोयाबीनची काढणी एकाच महिन्यात येते. आठ दिवस बुडाले की सुट्टीची भरपाई होते, पण गणिताची साखळी तुटते. शिवाय परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते. चार दिवसांची मजुरी वाचवताना वर्ष गमावू नये.

4. गावातून किंवा शेजारच्या गावांतून डिप्लोमाला जाणाऱ्या मुलांना एकत्र बसवावे. ग्रामपंचायतीची खोली, शाळेचा वर्ग, देवळाचा ओटा, काहीही चालेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरेत. मुलगी असेल तर ती गटातून वगळली जात नाही ना, हे आईने पाहावे. तिच्यासाठी वेळ दिवसाउजेडी ठेवावी.

5. पैशाअभावी वसतिगृह किंवा पुस्तके अडली असतील तर शिष्यवृत्त्यांची चौकशी करावी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी असलेली डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे. अटी व मुदती तंत्रनिकेतनाच्या कार्यालयातच विचाराव्यात, आणि एखादा विषय राहिल्यास पुढच्या वर्षी काय होते हेही तेथेच विचारून घ्यावे.

6. "आपल्या घराण्यात कुणाला गणित आलं नाही" हे वाक्य मुलासमोर बोलू नये. तुम्ही मणाचे क्विंटल करता, गुंठ्याचे एकर करता, व्याजाचा आकडा तोंडी सांगता, पंधरा लिटरच्या पंपात किती औषध घालायचे ते ठरवता. हे सारे गणितच आहे. मुलगा हे घरातून घेऊन निघालेला असतो. फक्त ते कागदावर उतरवायला त्याला कोणी शिकवलेले नसते.

तंत्रनिकेतनातल्या शिक्षकांपैकी कोणी हे पान वाचत असेल, तर त्यांना एकच विनंती आहे. आमच्या खात्यात पूर्वी प्रशिक्षण व भेट योजना होती. तिच्यात पुष्कळ दोष होते, पण एक गुण होता. कृषी सहायक कोणत्या वारी कोणत्या गावात येणार हे शेतकऱ्याला आधीपासून माहीत असे, आणि तो वार चुकला तर लोक जाब विचारीत. कच्च्या मुलासाठी असा एक वार ठरवा. तो वार पाळला गेला की अर्धे गणित सुटले असे समजा.

मेकॅनिकलचा तो मुलगा उन्हाळी परीक्षेत गणित सोडवून बाहेर पडला. गुण काही फार नव्हते, पास होण्यापुरतेच. पुढच्या सत्रात दुसरा एक विषय राहिला, तोही नंतर निघाला. आता तो तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तो भेटला तेव्हा त्याच्या सोबत पहिल्या वर्षाची दोन मुले होती, त्याच एसटीने जाणारी. थांबा येईपर्यंत तो त्यांना अपूर्णांक समजावून सांगत होता. सुरुवात पाऊण एकरापासूनच केली होती.

त्या मुलीचे मूल आता शाळेत जात असेल. या वर्षी तुमच्या घरात कोणाची गुणपत्रिका मुडपून कपाटात ठेवलेली असेल, तर ती बाहेर काढा. कोणाला विचारायला जाण्याआधी मुलालाच जवळ बसवा आणि विचारा, "कुठे अडलं?" आणि त्याने सांगेपर्यंत उठू नका.

पुढील आठवड्यात: हरभऱ्यावरील घाटेअळी.